गाणे देशाचे, हुकूम सरकारचा

फिलिपिन्समध्ये नाताळची चाहूल सप्टेंबरातच लागते. दुकानांतून, रेडिओवरून जी गाणी सुरू होतात त्यांत ‘पास्को ना नामान’ हे गाणे हटकून असते. चाल फेलिपे पादिल्या दे लिऑन यांची, शब्द लेवी सेलेरिओ यांचे. शाळकरी पोरांनाही ते तोंडपाठ असते. याच दोघांनी १९७३ मध्ये ‘बागोंग पागसिलांग’ नावाचे एक संचलनगीत रचले. आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला होता, आणि त्यांच्या ‘नव्या समाजा’चा जयघोष करणारे हे गीत शाळाशाळांतून झेंडावंदनाच्या वेळी राष्ट्रगीताच्या जोडीने म्हणावे लागे. आज साठीकडे झुकलेल्या फिलिपिनो माणसाला दोन्ही चाली सारख्याच पाठ आहेत. एक त्याने हौसेने म्हटली, दुसरी त्याच्याकडून म्हणून घेतली गेली.

दे लिऑन १९९२ मध्ये वारले. १९९७ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘राष्ट्रीय कलावंत’ हा कलावंतांसाठीचा तिथला सर्वोच्च सन्मान मिळाला. सेलेरिओ यांनाही त्याच वर्षी मिळाला. सन्मानपत्रांतून दे लिऑन यांना जनतेचा संगीतकार म्हटले जाते. दुसऱ्या बाजूला, मार्कोस राजवटीत ज्यांच्या घरातली माणसे तुरुंगात गेली त्यांना ते संचलनगीत ऐकवत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच प्रश्न उरतो की, राष्ट्रवादी संगीत रचणाऱ्या माणसाने सत्तेसाठीही रचले असेल तर देशाने त्याचे काय करावे?

माझे म्हणणे असे. दे लिऑन यांना वगळू नये आणि त्यांना धुऊन स्वच्छही करू नये. त्यांचे मोठे काम रंगमंचावर आणावे, राजवटीचे गीत इतिहासाच्या तासाला तारखेसकट शिकवावे, आणि कोणत्याही सरकारचे स्वतःचे गाणे मुलांकडून सक्तीने म्हणून घेण्याची पद्धत कायमची बंद करावी. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या का, हे कळायला दे लिऑन ज्या परंपरेतून आले तिच्यापासून सुरुवात करावी लागते.

स्पेनचा अंमल तिथे तीन शतकांहून अधिक काळ होता. गावोगावच्या चर्चमध्ये मुलांना नोटेशन वाचायला शिकवले जाई, आणि एकोणिसाव्या शतकात तर गावाचा स्वतःचा बँड असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. पाश्चात्त्य संगीत तिथे परके राहिलेच नाही. वरातीत, जत्रेत, अंत्ययात्रेत तेच वाजत होते. स्पेनच्या जागी अमेरिकनांचा अंमल आला, त्यांनी विद्यापीठ काढले आणि १९१६ मध्ये त्या विद्यापीठात कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीतविद्यालय, सुरू झाले. तिथे शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या पिढीपुढे पेच होता. हार्मनी, सोनाटा, काँचेर्तो हे सगळे युरोपचे. मग यात आपले काय?

त्यांना उत्तर सापडले ते कुंडिमानमध्ये. कुंडिमान हे तीन मात्रांच्या संथ लयीतले प्रेमगीत. पहिला अर्धा भाग मायनर स्वरांत, म्हणजे व्याकूळ, आर्जवी. मग मध्येच सूर मेजरमध्ये वळतात आणि गाण्यात उजेड येतो. प्रियकर विनवतो, झुरतो, आणि शेवटी आशा धरतो. फ्रान्सिस्को सान्तियागो यांनी १९१७ मध्ये ‘आनाक दालिता’ रचून या लोकगीताला मैफिलीच्या गायनाचा घाट दिला. निकानोर आबेलार्दो यांनी ‘नासाआन का इरोग’, ‘बितुइंग मारिकित’, ‘मुत्या नांग पासिग’ अशी एकाहून एक सरस कुंडिमाने लिहिली. आबेलार्दो उमेदवारीच्या काळात मनिलाच्या कॅबरेंमध्ये पियानो वाजवत. पुढे त्यांनी शिकागोला जाऊन आधुनिक रचनातंत्र शिकून घेतले आणि १९३४ मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. एवढ्या आयुष्यात त्यांनी जे करून ठेवले त्यावर फिलिपिनो गायनकला आजही उभी आहे.

‘मुत्या नांग पासिग’ नीट ऐकले की ‘राष्ट्रवादी संगीत’ म्हणजे काय ते कळते. चांदण्या रात्री पासिग नदीत एक जलपरी दिसते. ती म्हणते, एके काळी प्रेमाचे राज्य माझे होते. प्रेम मेले, राज्य बुडाले. माझी शक्ती आता तुम्हा सर्वांच्या हृदयात गेली आहे, मी जगावे असे वाटत असेल तर ते प्रेम मला परत द्या. यात झेंडा नाही, शत्रूचे नाव नाही. १९२६ साली अमेरिकन अंमलाखाली बसून ऐकणाऱ्याला मात्र ही परी कोण आणि बुडालेले राज्य कोणते, हे कुणी सांगावे लागत नव्हते.

उघडपणे बोलण्याची किंमत लोकांनी पाहिली होती. तिथल्या सार्सुएलाला, म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या जवळच्या प्रकाराला, आणि एकूणच रंगभूमीला अमेरिकन राजवटीचा पहिला फटका बसला. १९०३ च्या मे महिन्यात ऑरेलिओ तोलेन्तिनो यांच्या ‘काहापोन, न्गायोन आत बुकास’ या नाटकाच्या प्रयोगानंतर लेखकालाच राजद्रोहाखाली अटक झाली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये आलेली बंदी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण कुंडिमानवर खटला कसा भरणार? प्रेयसीसाठी झुरणाऱ्या माणसाला राजद्रोही कसे ठरवणार? ही मोकळी जागा त्या संगीतकारांनी हेरली. त्यांच्या राष्ट्रवादाची ताकद तिथेच होती. तो ऐकणाऱ्याच्या मनात पुरा होत असे, कुणी वरून फर्मावून नव्हे.

दे लिऑन या वारशात वाढले. जन्म १ मे १९१२, नुएवा एसिहा या भातशेतीच्या प्रांतातल्या पेन्यारांदा गावचा. शाळेच्या वाद्यवृंदात ते ट्रॉम्बोन वाजवत. १९३९ मध्ये विद्यापीठाच्या कॉन्झर्व्हेटरीतून पदविका घेतली आणि त्याच वर्षी माकिलिंग डोंगराच्या देवतेवरचे ‘मारियांग माकिलिंग’ हे वाद्यवृंदासाठीचे ओव्हर्चर लिहिले. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियर्डमध्येही शिकले. पण त्यांची खरी हुकूमत होती ती गळ्यासाठी लिहिण्यावर, एकट्या गळ्यासाठी आणि शेकडो गळ्यांसाठीही. समूहाला एका श्वासात उचलणारी चाल त्यांना सहज सुचे. हीच देणगी सत्तेच्या डोळ्यांत भरणारी होती.

जानेवारी १९४२ मध्ये जपानी फौजा मनिलात शिरल्या. राष्ट्रध्वजावर आणि राष्ट्रगीतावर बंदी आली. त्या रिकाम्या जागी नवे गीत हवे होते, आणि त्याच वर्षी ‘आवित सा पाग्लिखा नांग बागोंग पिलिपिनास’ आले. संगीत दे लिऑन यांचे, वय तीस. उठ माझ्या मातृभूमी, अशी त्याची हाक. पण ती उठणार होती ती जपानने आखलेल्या पूर्व आशियाच्या छत्राखाली. लष्कराच्या ताब्यातल्या शहरात नकाराचे मोल काय होते हे वेगळे सांगायला नको. तरी माझ्या मते भीतीचे कारण पुढे करून हा विषय मिटवू नये. गीत भीतीने लिहिलेले असो की खुशीने, ते गाणाऱ्या मुलांच्या कानावर पडले ते देशभक्तीचे गीत म्हणूनच. ऐन वयात शिकलेली चाल मनातून जात नाही. म्हणून तर सत्ताधीश संगीतकाराला शोधत येतात.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला महिनाभर जळत होती. जपानी कत्तल आणि अमेरिकन तोफा यांच्यामध्ये सुमारे एक लाख नागरिक मेले. जुन्या तटबंदीतले इंत्रामुरोस जमीनदोस्त झाले. अनेक संगीतकारांची हस्तलिखिते त्या आगीत गेली. या राखेतून १९४६ मध्ये दे लिऑन यांचे ‘पायापांग दायगदिग’ आले, शांत जगाची प्रार्थना करणारे. समूहगायकांचे चमू ते आजही गातात. ते कुणी सक्तीने म्हणायला लावले नव्हते, आणि टिकले आहे.

मग १९५७. या वर्षावर मला अधिक थांबायचे आहे, कारण दे लिऑन यांच्याविषयीचा निवाडा इथे व्हायला हवा आणि तो होत नाही.

होसे रिझाल यांची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली. स्पॅनिश पाद्र्यांची सत्ता, गावगाड्यातला अन्याय आणि भेकड सज्जनपणा यांची तिने चिरफाड केली. १८९६ च्या ३० डिसेंबरला स्पॅनिश सरकारने रिझाल यांना गोळ्या घातल्या. साठ वर्षांनंतर, स्वतंत्र फिलिपिन्समध्येही, या कादंबरीची धास्ती संपली नव्हती. सेनेटर क्लारो रेक्तो यांनी रिझाल यांच्या कादंबऱ्या महाविद्यालयांत सक्तीने वाचायला लावणारे विधेयक आणले तेव्हा कॅथलिक धर्मपीठाने त्याला कडाडून विरोध केला. बऱ्याच तडजोडींनंतर १२ जून १९५६ रोजी कायदा झाला. आणि आठ महिन्यांच्या आत, ३ फेब्रुवारी १९५७ रोजी, मनिलाच्या फार ईस्टर्न विद्यापीठाच्या सभागृहात दे लिऑन यांचा ‘नोली मे तांगेरे’ हा ऑपेरा टागालोगमध्ये उभा राहिला. संहिता ग्विल्येर्मो तोलेन्तिनो यांची. स्पेनविरुद्धच्या क्रांतीचे नेते बोनिफासिओ यांचे प्रसिद्ध स्मारक घडवणारे शिल्पकार ते हेच. पूर्ण लांबीचा पहिला फिलिपिनो ऑपेरा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. धर्मपीठ ज्या पुस्तकाला अजून भीत होते ते पुस्तक दे लिऑन यांनी लोकांच्या भाषेत गायला लावले.

या कथेत सिसा नावाची आई आहे. तिची दोन मुले, बासिलिओ आणि क्रिस्पिन, चर्चमध्ये घंटा वाजवण्याचे काम करतात. धाकट्यावर चोरीचा आळ येतो आणि तो नाहीसा होतो. मुले हाती लागेनात म्हणून शिपाई सिसालाच पकडून गावातून चालवत नेतात. ती वेडी होते. आता कादंबरीतला पुढचा प्रसंग. लष्करी अधिकाऱ्याची बायको, डोन्या कोन्सोलासिऑन, खिडकीतून सिसाचे गाणे ऐकते आणि तिला वर आणवते. ही बाई स्वतः टागालोग; पण आपल्याला ती भाषा येत नाही असे सोंग आणणारी, मोडके बोलणारी. ती हुकूम सोडते, गा. सिसा रात्रीचे गीत गाऊ लागते. आधी ती बाई कुत्सित हसत असते. हळूहळू हसू मावळते. शब्द आत उतरतात, सोंग गळून पडते आणि ती अस्खलित टागालोगमध्ये ओरडते, नको, गाऊ नकोस, हे शब्द मला लागतात! आपण काय बोललो हे ध्यानात येताच ती चाबूक घेते आणि सिसाला नाचायला लावते.

दे लिऑन यांच्या ऑपेरातले सिसाचे रात्रीचे गीत हे फिलिपिनो सोप्रानोंसाठी, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकांसाठी, कसोटीचे पद मानले जाते. मला ते त्यांच्या साऱ्या कामाचा गाभा वाटते. हुकमावरून म्हटलेले गाणेही हुकूम सोडणाऱ्याच्या हाताबाहेर जाऊ शकते, हे रिझाल यांनी लिहिले आणि दे लिऑन यांनी सुरांत बांधले. १९७० मध्ये त्यांनी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’चाही ऑपेरा केला. रिझाल यांच्या दोन्ही कादंबऱ्या गळ्यावर उतरवणारा हा माणूस राष्ट्रवादी नव्हता असे म्हणण्याची माझी हिंमत नाही.

आणि तरी १९७३ आले. लष्करी कायद्याच्या काळात, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आकड्यांनुसार, सुमारे ७०,००० माणसे तुरुंगात गेली, ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२०० हून अधिक मारले गेले. या राजवटीला वृत्तपत्रे बंद करून चालणार नव्हते, तिला उल्हासही हवा होता. ‘बागोंग पागसिलांग’ने तो पुरवला. रात्र पुरती सरली, पहाट उगवली, आशा हसू लागली, नवा जन्म, नवे आयुष्य, नवा देश. शब्दांचा ओघ असा आहे. चालीबद्दल खोटे बोलण्यात अर्थ नाही, चाल पकड घेते. पाय आपोआप पडू लागतात.

मला खटकतात ते शब्द आणि त्यामागचा दावा. कुंडिमानमध्ये उजेड येतो तो आशेचा. प्रियकराला अजून काहीच मिळालेले नसते. ‘नोली’मध्ये एलियास मरताना म्हणतो की, माझ्या भूमीवर पहाट झालेली न पाहताच मी मरतो आहे, तुम्ही जे ती पाहाल ते तिचे स्वागत करा, आणि रात्रीत पडलेल्यांना विसरू नका. या पानांशी वर्षानुवर्षे राहिलेला संगीतकार सोळा वर्षांनी अशा शब्दांना चाल देतो की पहाट झालीच आहे. रात्रीत पडलेल्यांचा त्यात उल्लेख नाही. उलट नवी माणसे त्याच वेळी कोठडीत पडत होती. राष्ट्राचे संगीत आणि राजवटीचे संगीत यांतला भेद मला इथे दिसतो. पहिले मागणे मागते. दुसरे मागणे पुरे झाल्याची दवंडी पिटते, आणि मग वेगळे मागणाऱ्याला जागाच उरत नाही.

यावर दोन सोपी मते ऐकू येतात. एक म्हणते, दे लिऑन दोनदा सत्तेपुढे वाकले, त्यांचे नाव काढूच नका. हे मत मला संतापातून आलेले आणि म्हणून समजण्याजोगे वाटते, पण त्याने नुकसान कुणाचे होते? मार्कोस घराण्याचे मुळीच नाही. नुकसान होते ते सिसाचे गीत न ऐकलेल्या विद्यार्थ्याचे. शिवाय माणूस पुसून टाकला की सत्तेने त्याच्याकडून काय करवून घेतले तेही पुसले जाते. दुसरे मत म्हणते, सूर निर्दोष असतात, राजकारण बाजूला ठेवा आणि संगीत ऐका. हे अधिक घातक आहे. संचलनगीताचा जन्मच राजकारणासाठी. त्यातून राजकारण काढले तर उरते काय? आणि ज्या संगीतकाराने रिझालवर ऑपेरे केले त्याच्या कामातून राजकारण बाजूला काढणे म्हणजे त्याचाच अपमान.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. सत्तेने सांगून लिहवून घेतलेले गीत वाईटच, असे म्हणता येते का? फिलिपिन्सचे राष्ट्रगीतच पाहा. ५ जून १८९८ रोजी क्रांतिकारकांचे नेते एमिलियो आगिनाल्दो यांनी काविटे प्रांतातले संगीतकार हुलियान फेलिपे यांना संचलनाची धून रचायला सांगितली. स्पेनविरुद्धच्या उठावात फेलिपे तुरुंगात जाऊन आले होते. ११ जूनला धून तयार, आणि १२ जूनला त्याच प्रांतातल्या काविट गावी स्वातंत्र्य जाहीर झाले तेव्हा सान फ्रान्सिस्को दे मालाबोनच्या बँडने ती वाजवली. आगिनाल्दो यांचे तेव्हाचे सरकार स्वतःला अधिकृतपणे ‘हुकूमशाही सरकार’च म्हणवत होते. म्हणजे आज्ञा, घाई, सत्ताधारी, सगळे काही होते. मग हे गीत देशाचे कसे झाले?

ते झाले पुढच्या साठ वर्षांत. आधी त्याला शब्दच नव्हते. १८९९ मध्ये होसे पाल्मा या तरुण कवीने स्पॅनिशमध्ये लिहिले. आगिनाल्दो यांचे राज्य गेले, गीत उरले. अमेरिकनांनी १९०७ च्या ध्वज कायद्याने झेंडा बंद केला, त्याबरोबर हे गीतही जाहीरपणे वाजवता येईना. बंदी उठली ती १९१९ मध्ये. इंग्रजी शब्द आले, जपानी काळात टागालोग शब्द आले, आणि १९५६ मध्ये आजचे फिलिपिनो शब्द ठरले. सांगणारा हरला, गादीवरून उतरला, तरी लोकांनी गीत सोडले नाही. माझी कसोटी यातूनच आलेली आहे. आज्ञा देणारा गेल्यावर गीत टिकते का, आणि सत्तेवर असलेल्याच्या विरोधात उभे राहून ते म्हणता येते का? ‘लुपांग हिनिरांग’, म्हणजे हे राष्ट्रगीत, या कसोटीला उतरते. ‘बागोंग पागसिलांग’ उतरत नाही. मार्कोसविरोधी मोर्चात ते कुणी म्हणेल अशी कल्पनाही करवत नाही.

त्या मोर्च्यांत लोक म्हणत ते ‘बायान को’. होसे कोरासोन दे हेसुस यांचे शब्द, कोन्स्तान्सिओ दे गुझमान यांची चाल. अमेरिकन अंमलाविरुद्ध लिहिलेले. मोकळे उडणारे पाखरूही पिंजऱ्यात कोंडले तर रडते, मग हा सुंदर देश सुटण्यासाठी का धडपडणार नाही, इतका साधा आशय. लष्करी कायद्याखाली ते जाहीरपणे म्हणणे म्हणजे सरकारला आव्हान समजले जाई. मार्कोस यांचे विरोधक नेते बेनिग्नो आकिनो यांची १९८३ मध्ये हत्या झाली, त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या समुदायाने ते म्हटले. फेब्रुवारी १९८६ मध्ये एड्सा रस्त्यावर रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या लोकांनी म्हटले. गाणे अर्धशतक जुने, शत्रू नवा. शब्द बदलावा लागला नाही. कुंडिमानच्या घरातलेच हे गाणे, मागणे मागणारे, आणि म्हणून कोणत्याही काळात कुणालाही मागता येणारे.

हा सगळा इतिहास झाला असता तर मी इतक्या पोटतिडकीने लिहिले नसते. २०२२ च्या निवडणुकीत धाकट्या मार्कोस यांच्या प्रचारसभांत वडिलांच्या काळातले तेच संचलनगीत रॉकच्या ढंगात वाजत होते. तरुण नाचत होते. त्यांतल्या अनेकांना ते नवे कोरे गाणे वाटले असेल, कारण त्याची जन्मकथा त्यांना कुणी शिकवलीच नाही. १९८६ मध्ये मार्कोस यांची सत्ता गेल्यावर ते गीत नुसते थांबवण्यात आले, समजावून सांगितले गेले नाही. शांततेने काही पुसले जात नाही, हे यातून दिसले. आणि ४ जून २०२४ रोजी, राष्ट्राध्यक्ष झालेल्या याच धाकट्या मार्कोस यांच्या कार्यालयाने ५२ क्रमांकाचे परिपत्रक काढले. सरकारी कचेऱ्या आणि शिक्षणसंस्थांमधल्या साप्ताहिक झेंडावंदनात ‘बागोंग पिलिपिनास’ हे सरकारच्या मोहिमेचे गीत आणि प्रतिज्ञा म्हटली जावी, असा आदेश. पुन्हा राष्ट्रगीताला जोड, पुन्हा मुले रांगेत.

या नव्या गीतात कुणाला मारा, झोडा असे काही नाही, मग एवढा गहजब कशाला, असे म्हणणारे आहेत. १९७३ च्या गीतातही नव्हते. शब्द गोडच असतात. दोष आहे तो झेंड्याशेजारी सरकारला उभे करण्यात. मुलाच्या मनात दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच शिस्तीने रुजतात, आणि पुढे सरकारवर टीका म्हणजे देशावर टीका असे त्याला वाटू लागते. राष्ट्रगीताच्या बाबतीत फिलिपिन्सचा कायदा इतका कडक आहे की, १९९८ च्या कायद्यानुसार ते हुलियान फेलिपे यांच्या मूळ स्वररचनेप्रमाणेच म्हणावे लागते, आणि मुष्टियुद्धाच्या सामन्याआधी एखाद्या गायकाने लय ओढली तर त्याची जाहीर कानउघाडणी होते. एका स्वराची इतकी जपणूक करणाऱ्या व्यवस्थेला त्याच गीताशेजारी सरकारी जाहिरात खपते, ही विसंगती मला सहन होत नाही.

देशप्रेम शिकवायचे असेल तर साधने हाताशी आहेत, फक्त ती महाग आहेत. संचलनगीताला एक ध्वनिक्षेपक पुरतो. ऑपेरा उभा करायचा तर वाद्यवृंद लागतो, समूहगायक लागतात, महिनोन्महिने तालीम लागते, आणि सिसाचे पद पेलणारा गळा घडवायला एका शिक्षिकेची कित्येक वर्षे जातात. म्हणून दे लिऑन यांचे सर्वांत स्वस्त काम सर्वांत जास्त ऐकले गेले आणि सर्वांत मोलाचे काम कधीमधी होणाऱ्या प्रयोगांपुरते उरले. राष्ट्रीय कलावंत ही पदवी देऊन राज्याचे कर्तव्य संपत नाही. ‘नोली’चा ऑपेरा मनिलाबाहेर, सेबूला, दावावला, खुद्द पेन्यारांदाच्या परिसरात सरकारी खर्चाने नेमाने व्हावा. त्याची संहिता आणि स्वरलिपी प्रत्येक संगीतशाळेत असावी. आणि त्याच वर्गात १९४२ आणि १९७३ ची गीतेही वाजवून दाखवावीत, कुणी मागितली, कधी मागितली, तेव्हा तुरुंगात कोण होते हे सांगून.

माझ्या या मागणीवर उलटा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. रेक्तो यांचा १९५६ चा कायदाही सक्तीचाच होता; मुलांना रिझाल वाचायला लावणे चालते, तर गीत म्हणायला लावणे का चालत नाही? कारण पुस्तक वाचून विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहू शकतो की ‘नोली’चा नायक इबार्रा भाबडा होता, एलियासचे चुकले, रिझाल यांनी पाद्र्यांवर अन्याय केला. वाचनाच्या सक्तीत मतभेदाला जागा आहे, किंबहुना चांगला शिक्षक तो मागतोच. रांगेत उभे राहून म्हणायच्या गीतात आणि प्रतिज्ञेत ती नाही. तिथे मुलाने वेगळे काही म्हटले तर तो बेशिस्त ठरतो. म्हणून परिपत्रक ५२ मागे घेतले पाहिजे. पुढे सत्तेवर येणारा पक्ष कोणताही असो, अगदी मला पटणारा असला तरी, त्याचे गीत झेंडावंदनात येणार नाही अशी तरतूद १९९८ च्या त्याच कायद्यात करून घेतली पाहिजे.